हाक आधी, झोप नंतर

सॉफ्टवेअरच्या चुकांमध्ये एक जात अशी आहे की ती आवाज करत नाही. प्रोग्राम कोसळत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, लॉगमधली शेवटची ओळ अगदी साधीसुधी असते. प्रोसेसर रिकामा, डिस्क मोकळी, मेमरी भरपूर. तरी काम पुढे सरकत नाही. आत डोकावून बघावं तर सगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधले एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, झोपलेले. प्रत्येक जण आपल्याला कुणीतरी उठवेल म्हणून थांबलाय, आणि ज्याने उठवायचं तो आपलं काम केव्हाच उरकून मोकळा झालाय.

याला लॉस्ट वेकअप म्हणतात. उठवणारा हाक मारून गेला, पण ज्याच्यासाठी हाक होती तो त्या क्षणी अजून झोपलेलाच नव्हता. हाक वाया गेली, आणि मग तो झोपला. आता त्याच्याकडे कुणी फिरकणार नाही, कारण बाकीच्यांच्या हिशेबी तो जागा आहे.

मी स्टोरेजच्या कोडवर काम करते. व्हर्च्युअल मशीनला जी डिस्क दिसते ती खरी डिस्क नसते. खाली एक प्रोग्राम असतो. तो मशीनच्या मागण्या घेतो, खऱ्या डिस्ककडे नाहीतर नेटवर्कवर पाठवतो आणि उत्तर आलं की वर कळवतो. सगळा कारभार असिंक्रोनस, म्हणजे एक मागणी पाठवली की तिच्यापाशी खोळंबून राहायचं नाही, पुढची घ्यायची. एक थ्रेड इव्हेंट लूप, म्हणजे 'काही झालं का' बघत राहणारी फेरी, चालवतो, काही कामकरी थ्रेड डिस्कशी बोलतात आणि काम झालं की लूपला उठवतात. मी राहते आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात, मशीन्स मात्र दूर कुठेतरी. त्यांच्यावरचं काम मी टीमक्समध्येच, म्हणजे नेट तुटलं तरी तिकडचं सत्र चालू ठेवणाऱ्या साधनात, उघडून ठेवते. गावातलं नेट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि मोठ्या मुश्किलीने हाती लागलेला अडकलेला प्रोसेस नेटबरोबर हातचा जाऊ द्यायचा नसतो.

असाच एक प्रोसेस हाती लागला तेव्हा हरभऱ्याला पाणी चालू होतं. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाईन पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. तेव्हा रात्रीची पाळी होती. बाबा स्वेटर-मफलर चढवून ओसरीत लाईनची वाट बघत बसले होते आणि मी आत जीडीबी हे चालता प्रोग्राम आतून बघायचं साधन लावून त्या प्रोसेसच्या पोटात शिरले होते.

एका मोठ्या डिस्क फाइलची नक्कल चालू होती. बहुतेक वेळा ती सुरळीत पार पडायची, कधीतरी मधेच थिजायची. तीही फक्त एआरएम प्रोसेसरच्या मशीनवर. मी सगळ्या थ्रेडचे स्टॅक काढले, म्हणजे कोण कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते पाहिलं. कामकरी थ्रेड फ्युटेक्सवर, म्हणजे लिनक्समधल्या झोपण्या-उठवण्याच्या सोयीवर, झोपलेले, नवीन काम येण्याची वाट बघत. लूपचा थ्रेड पोल या वाट बघण्याच्या कॉलमध्ये, मुदतीविना. म्हणजे कुणी उठवेपर्यंत झोपणार, मग जन्मभर का असेना. आता ज्या मागणीसाठी हे सगळं अडलं होतं ती उघडून पाहिली. तिच्यावर नोंद होती: पूर्ण. परतीची किंमत शून्य, म्हणजे चूक नाही. डेटा डिस्कवर पोचला होता, काम झालं होतं. ते झालं हे ज्याला कळायला हवं तोच झोपला होता.

लिनक्समध्ये अशा उठवण्यासाठी इव्हेंटएफडी वापरतात. २००७ साली, २.६.२२ या आवृत्तीत तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मुख्य भागात, आला. आत नुसता एक ६४ बिटांचा आकडा. उठवणारा त्यात भर घालतो, झोपणाऱ्याला त्यावरून जाग येते. प्रोसेसच्या एफडीइन्फोमध्ये, म्हणजे त्याच्या उघड्या फाइलींच्या माहितीत, हा आकडा वाचता येतो. मी वाचला. शून्य. शेजारी आमच्या कोडमधला 'मी झोपतोय' हा फ्लॅग, म्हणजे खुणेचा झेंडा, मात्र उभा होता. काम झाल्याची नोंद आहे, झोपल्याची नोंद आहे, आणि हाक मारल्याची खूणच नाही. तीन आकडे, आणि त्या तिघांत अख्खा गुन्हा.

"काऊन वं, बंद पडलं का?" बाबांनी ओसरीतून विचारलं.

"बंद नाही पडलं बाबा. झोपलं."

"मंग उठव ना त्याले."

हाताने उठवता आलंही असतं. जीडीबीतून त्या आकड्यात एकाची भर घातली की नक्कल पुढे धावली असती. पण असा प्रोसेस क्वचित सापडतो. मी कोअर फाइल, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल, काढून घेतली आणि त्याला तसाच झोपू दिला.

आता कोड काय म्हणत होता ते सांगते, कारण सगळी मौज तिथेच आहे. झोपणाऱ्याची रीत अशी: पहिल्यांदा 'मी झोपतोय' असं लिही, मग काम आलंय का ते एकदा बघ, नसेल तरच झोप. उठवणाऱ्याची रीत याच्या उलट: पहिल्यांदा काम झाल्याचं लिही, मग कुणी झोपतोय का ते बघ, असेल तर हाक मार. दोघेही आधी आपलं लिहितात आणि मग दुसऱ्याचं वाचतात. कागदावर हे पक्कं आहे. कुणाचंही लिहिणं आधी झालं, तरी नंतर वाचणाऱ्याला ते दिसणारच. दोघांनाही दुसऱ्याचं दिसलं नाही असं होऊच शकत नाही. ही युक्ती जुनी आहे. डच गणिती डेकर यांच्या नावाने ती ओळखली जाते, आणि संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५च्या आपल्या टिपणात तिचं श्रेय त्यांनाच दिलंय.

कागदावर होऊ शकत नाही ते प्रोसेसरवर होतं. लिहिलेली गोष्ट लगेच सगळ्यांना दिसत नाही. ती आधी प्रोसेसरच्या त्या कोअरच्या स्टोअर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जाते आणि सवडीने बाहेर पडते. तोवर पुढचं वाचन होऊनही जातं. 'लिही, मग वाच' असा क्रम लिहिला असला तरी बाहेरच्याला 'वाचलं, मग लिहिलं' असं दिसू शकतं. इंटेल-एएमडीचे प्रोसेसर एरवी बरेच शिस्तीचे, पण ही एक अदलाबदल तेही करतात. एआरएम तर अजून कितीतरी अदलाबदली करतो. मग झोपणारा वाचतो तेव्हा काम दिसत नाही, आणि उठवणारा वाचतो तेव्हा कुणी झोपताना दिसत नाही. दोघांनीही नियम पाळला. दोघेही आपापल्या जागी बरोबर. आणि काम अडकलं.

यावर उपाय म्हणजे मेमरी बॅरियर. माझं लिहिणं सगळ्यांना दिसेपर्यंत पुढचं वाचू नको, अशी प्रोसेसरला ताकीद. आणि ती दोन्हीकडे हवी. एकाच बाजूला घातली तर काही उपयोग नाही. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. या जातीची चूक कधीच एका फंक्शनमध्ये नसते, दोन फंक्शनच्या मधल्या करारात असते. एकच फाइल उघडून कितीही बारकाईने वाचा, ती निर्दोषच दिसेल.

मग ती एआरएमवरच का दिसावी? आमच्या कोडमध्ये फ्लॅग वाढवायला अणू-क्रिया, म्हणजे मधे कुणी शिरू न शकणारी एकसंध क्रिया, वापरली होती. इंटेलवर अशी क्रिया लॉकसकट होते आणि लॉकबरोबर पूर्ण बॅरियर आपसूक मिळतो. कुणी मागितला नव्हता, तरी मिळत होता. एआरएमवर त्याच क्रियेनंतरचं साधं वाचन तिच्या आधी सरकू शकतं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रसिद्ध मुक्त प्रकल्पात नेमकं हेच घडलं होतं. तिथे ६४ बिटी एआरएम सर्व्हरवर डिस्क इमेजची नक्कल अधूनमधून थिजायची, आणि २०२० साली इव्हेंट लूपच्या कोडमध्ये उघड बॅरियर घालून ते दुरुस्त झालं. सी भाषेच्या २०११च्या मानकाच्या, म्हणजे सी११च्या, नियमांनुसार कडक क्रमाची क्रिया आणि शेजारचं सैल वाचन एकाच क्रमात बांधलेली नसतात, हे त्या दुरुस्तीच्या टिपणात स्वच्छ मांडलंय. मला ते टिपण वाचून आपल्या गावचं माणूस परदेशात भेटावं तसं झालं.

लाईन आली तेव्हा बाबांना ती कुणी ओरडून सांगितली नाही. त्यांनी उठून अंगणातून वावराकडे पाहिलं. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीपाशी एक बल्ब टांगलाय, तो लागला की लाईन आली. पूर्वी धुऱ्यावरून पोरं ओरडायची, "लाईन आली होऽऽ." ओरडलं तेव्हा कान देऊन असाल तर ठीक, नाहीतर कळायचं नाही आणि मोटर बंदच राहायची. बल्बचं तसं नाही. लाईन असेपर्यंत तो लागून असतो, तुम्ही केव्हाही बघा.

कंडिशन व्हेरिएबल आणि इव्हेंटएफडी यांच्यातला फरक यापेक्षा सोपा करून मला सांगता येणार नाही. कंडिशन व्हेरिएबल हे थ्रेडला झोपवण्या-उठवण्याचं दुसरं साधन. त्याला स्मरण नसतं. ऐकणारं कुणी नसताना त्यावर सिग्नल दिला तर तो गेला. म्हणून त्याच्या जोडीला एक खरी अट लागते, 'काम आलंय का' ही, आणि ती लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी, धरूनच तपासायची आणि बदलायची. इव्हेंटएफडी किंवा सेमाफोर आकडा धरून ठेवतो. उशिरा येणाऱ्यालाही तो सापडतो.

त्यातही एक मेख आहे. जाग आल्यावर तो आकडा पुसायचा असतो, आणि पुसायचा केव्हा हे चुकलं की पुन्हा तोच रोग. आधी पुसा, मग काम बघा. आधी काम बघून मग पुसलं, तर त्या दोन्हींच्या मधे आलेलं काम आणि त्याची हाक, दोन्ही एका फडक्यात जातात. क्यूईएमयूच्या दस्तऐवजांत या चुकीचा एक नमुनाच ठेवलाय, मुद्दाम बिघडवलेला. पडताळणीच्या यंत्राने तो पकडावा यासाठी. चुकीचं उदाहरण इतकं जपून ठेवणारे लोक मला आवडतात.

विहिरीचा विषय निघालाच आहे तर ऑटोस्विचचंही सांगते. लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून पुष्कळांनी ऑटो बसवलेत. रात्री साप-विंचवाच्या वाटेने जायला नको, म्हणून बसवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण लाईन आल्याक्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात, एकदम ओढ घेतात आणि डीपी (रोहित्र) जळते. मग दुरुस्ती होईस्तोवर साऱ्यांचीच पिकं तहानलेली. उठवण्याच्या चुकीची ही दुसरी बाजू. शंभर थ्रेड एका मागणीसाठी झोपलेत आणि मागणी आल्यावर शंभरही उठवले, तर नव्व्याण्णव नुसते लॉकवर आदळून परत झोपतात. लिनक्सच्या ईपोलमध्ये, म्हणजे पोलच्या सुधारलेल्या भावंडात, यासाठी २०१६ साली, ४.५ आवृत्तीत वेगळा फ्लॅग आला, म्हणजे सगळ्यांना न उठवताही काम भागतं. हरवलेली हाक नको म्हणून सरसकट सगळ्यांना हाका मारणं हा उपाय मला म्हणूनच पटत नाही. काही ठिकाणी तो लागतो, पण कारण सांगून लागला पाहिजे.

दुसरा एक उपाय याहून जास्त सुचवला जातो, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. 'पोलला मुदत घाला. दर १०० मिलिसेकंदांनी लूप आपणहून उठेल, काम राहिलं असेल तर करेल. एका ओळीचा बदल.' आमच्या चर्चेतही हे आलं. दिसायला निरुपद्रवी आहे. पण चांगल्या एनव्हीएमई (वेगवान फ्लॅश) डिस्कवरचं वाचन १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास होतं. तिथे १०० मिलिसेकंद म्हणजे हजारपट. अडकणं जाईल आणि त्याच्या जागी अधूनमधून येणारा एक न उलगडणारा मंदपणा येईल. त्याची तक्रार कुणी नेमकी करूही शकणार नाही. मुख्य म्हणजे करार मोडलेला तसाच राहील. तोच करार आमच्या ड्रेनच्या कोडमध्येही होता. ड्रेन म्हणजे हातातल्या सगळ्या मागण्या संपेपर्यंत थांबणं. तिथे मुदत नव्हती आणि घालता येण्यासारखीही नव्हती. मागण्या संपल्या नसताना संपल्या असं समजून पुढे गेलं तर डेटा खराब होतो. थिजलेला प्रोग्राम पुन्हा चालू करता येतो, खराब डेटा परत आणता येत नाही.

हे मी जरा तावातावाने लिहितेय, पण त्याला कारण आहे. खाली एक हाक हरवली की वर काय दिसतं? व्हर्च्युअल मशीनच्या आतला कर्नल १२० सेकंद वाट बघतो आणि मग नोंद करतो की अमुक प्रोसेस इतका वेळ अडकलाय. त्या प्रोसेसवर कुठला तरी डेटाबेस असतो. डेटाबेसवर कुठलीतरी खिडकी. आणि खिडकीबाहेर सातबारा काढायला दोन गाड्या बदलून आलेलं माणूस, ज्याला सांगितलं जातं की सर्व्हर अडकलाय, उद्या या. सर्व्हर अडकण्याची कारणं शंभर असतील. त्यातलं एक माझ्या हातात आहे, आणि ते मला नीट समजून घालवायचंय.

समजून घेण्यात अडचण अशी की ही चूक बघायला गेलं की पळते. लॉगची एक ओळ वाढवा, छापण्यात वेळ जातो, थ्रेडचा मेळ बदलतो आणि चूक गायब. थ्रेडसॅनिटायझर हे तपासणीचं साधन लावा, ते डेटा रेस, म्हणजे दोन थ्रेडनी बिनबंदोबस्त एकाच जागी केलेली वाचनं-लिहिणी, छान पकडतं. पण इथे सगळी वाचनं-लिहिणी अणू-क्रियांनीच झालेली. रेस नाहीच, क्रम चुकलाय. चाचणी रात्रभर चालवून अडकलं नाही तर दुरुस्त झालं असं म्हणायचं का? माझ्या मते नाही. ज्या चुकीला लाखांतून एकदाच संधी मिळते, ती रात्रभरात दिसली नाही यातून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून मी स्पिनकडे वळले. बेल लॅबमध्ये जेरार्ड होल्झमन यांनी घडवलेलं हे पडताळणीचं साधन, याला २००१चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार आहे. प्रोमेला नावाच्या छोट्या भाषेत फक्त कराराचा सांगाडा लिहायचा: एक झोपणारा, एक उठवणारा, दोन फ्लॅग, एक आकडा. मग स्पिन त्या पावलांच्या सगळ्या सरमिसळी धुंडाळतो. नशिबाने सापडतील त्या नव्हेत, सगळ्या. एक सांभाळायचं असतं. स्पिनला प्रोसेसरचा स्टोअर बफर माहीत नसतो, तो आपण सांगाड्यात स्वतः उभा करावा लागतो. तो उभा करून, बॅरियर काढून चालवलं तर काही पावलांतच उत्तर आलं: दोघेही झोपलेले, काम पडलेलं. दोन्ही बॅरियर घालून चालवलं, सगळ्या वाटा संपल्या, चूक नाही. एकच घालून चालवलं, पुन्हा चूक. मी चुकीची ती पावलं कागदावर उतरवून काढली आणि कोअर फाइलमधल्या तीन आकड्यांशी ताडून पाहिली. तंतोतंत.

ज्याला हे अतीच वाटत असेल त्याने ग्लिबसीचं उदाहरण बघावं. लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामच्या पायाशी असलेली ही लायब्ररी. २०१७च्या २.२५ आवृत्तीत तिच्या कंडिशन व्हेरिएबलची रचना नव्याने झाली. त्या रचनेत एका अतिदुर्मीळ सरमिसळीत हाक हरवायची. २०२० साली त्याची तक्रार नोंदली गेली आणि दुरुस्ती २०२५च्या २.४१ आवृत्तीत आली. ती सरमिसळ लोकांनी टीएलए प्लस या पडताळणीच्या भाषेत मांडून पाहिली, तेव्हा ती खरंच घडू शकते हे निःसंशय झालं. इतक्या हुशार, इतक्या काळजीपूर्वक लिहिणाऱ्या लोकांच्या नजरेतून हे सुटू शकतं. मग तुमच्याआमच्या कोडला नुसत्या नजरेवर कसं सोडायचं?

कॉलेजातल्या पोरापोरींना एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे शिकवतात की कंडिशन व्हेरिएबलवर थांबताना अट 'इफ'मध्ये नाही, 'व्हाईल'मध्ये तपासा. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतात. त्यामागचं कारण मात्र वाचून घ्या. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांच्या १९७४च्या मॉनिटरमध्ये, म्हणजे लॉक आणि अटी एकत्र बांधणाऱ्या रचनेत, हाक मिळाली की अट खरी असल्याची हमी होती. १९८०च्या लेखात लॅम्पसन आणि रेडेल यांनी मेसा भाषेसाठी ती हमी सोडली. हाक म्हणजे फक्त 'जरा बघ' असा इशारा, खरं काय ते उठून स्वतः बघायचं. आजच्या बहुतेक व्यवस्था याच वाटेने जातात. आयओ-युरिंगमध्येसुद्धा, म्हणजे २०१९च्या ५.१ कर्नलमधल्या नव्या असिंक्रोनस पद्धतीत, कर्नलचा थ्रेड झोपायला गेला की रांगेवर 'मला उठवायला लागेल' असा फ्लॅग लावतो. आपण रांगेत काम टाकून तो फ्लॅग वाचतो, आणि त्या दोन्हींच्या मधे पूर्ण बॅरियर हवा असं कर्नलमधल्या तिच्या कोडच्या टिप्पणीत लिहिलेलं आहे. डेकरची तीच युक्ती, प्रोग्राम आणि कर्नल यांच्यामधे.

ड्रेनमध्ये अजून एक भानगड निघाली, ती थोडक्यात. शेवटची मागणी संपवणारा थ्रेड मोजणी शून्यावर आणतो आणि मग थांबलेल्याला उठवतो. पण थांबलेला आधीच जागा असेल तर शून्य बघून तो पुढे जातो आणि ती सगळी रचना मोडून मेमरी परत देतो. इकडे उठवणाऱ्याला अजून त्याच मेमरीतल्या फ्लॅगला हात लावायचाय. ग्लिबसीच्या सेमाफोरमध्येही याच जातीची चूक होती, २.२१ आवृत्तीत ती गेली. आमच्याकडे मी उठवणाऱ्यालाच एक संदर्भ, म्हणजे 'मी अजून वापरतोय' ही नोंद, धरायला लावला. त्याचं काम पुरतं संपेपर्यंत रचना जिवंत राहते.

एकूण बदल लहान. दोन बॅरियर, एक संदर्भ, आकडा पुसण्याची ओळ दोन ओळी वर. त्यावरची टिप्पणी मात्र बदलाहून लांब आहे आणि तपासणाऱ्यांनी ती छोटी करा म्हटलं तेव्हा मी नकार दिला. प्रत्येक बॅरियरपाशी त्याचा जोडीदार कुठल्या फाइलमधल्या कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते लिहिलंय. दोघांपैकी एक नसेल तर कुठली चार पावलं घडतात तेही लिहिलंय. प्रोमेलाचा सांगाडा कोडच्या शेजारीच ठेवलाय, बॅरियर काढलेल्या नमुन्यासकट. उद्या कुणी वेग वाढवायला म्हणून यातला एक बॅरियर काढायला आला, तर त्याने आधी तो नमुना चालवून बघावा.